सात नंबरची केबल

"तारा हलत नाहीये," मी म्हटलं, आणि घुमटातले सगळे लॅपटॉपकडं वळले.

बाहेर पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरत होती त्यांची घूं घूं आत ऐकू येत होती. सगळे म्हणजे चौघंच. मी, ऋषीदादा, जंगमकाका आणि मगदूम सर. सर म्हणजे एका शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. सांगलीच्या पार पूर्वेला, जिथं पाऊस पडतो का नाही कळत नाही, तिथं त्यांची शाळा, आणि शाळेच्या गच्चीवर त्यांनी दुर्बिणीसाठी हा घुमट बांधून घेतलेला, आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या भरवशावर. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. पत्रिकेवर सरांना याच घुमटातून काढलेला फोटो पाहिजे होता, मृगातला तो गुलाबी तेजोमेघ. पत्रिका सोमवारी छापायला जाणार होती आणि हा शनिवार.

"परत कर," ऋषीदादा म्हणाला.

मी परत केलं. परत तेच. लॅपटॉपवर लाल अक्षरात आलं, तारा पुरेसा हलला नाही, जोडणी तपासा.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. असा फोटो काढायचा तर कॅमेरा पाच पाच मिनिटं उघडा ठेवायला लागतो. तोवर पृथ्वी काय थांबत नाही. म्हणून दुर्बीण ज्याच्यावर बसते ना, माउंट म्हणतात त्याला, तो कॉम्प्युटरवाला असतो, आकाशाच्या मागं मागं आपोआप फिरतो. पण केसभर चुकतोच, आणि केसभर चुकला तरी फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात. मग मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण, तिला छोटा कॅमेरा. तो एकच तारा धरून बसतो. तारा जरा सरकला की एका वायरीतून माउंटला सांगतो, अरे डावीकडं घे, अरे वर घे. याला गाइडिंग म्हणतात. बस एवढंच. सुरुवातीला सॉफ्टवेअर एकदा परीक्षा घेतं, माउंटला म्हणतं हल, आणि बघतं तारा हलला का. आमचा कॅमेरा ओरडत होता आणि माउंट ढिम्म.

आणि ती मधली वायर जंगमकाकांनी केलेली होती.

काका मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी रात्रपाळी. मंडळात आम्ही सगळे वीस-बावीसचे, मंडळ चालवणारा ऋषीदादा तिशीचा, कुपवाडच्या एमआयडीसीत इंजिनिअर, आणि हे एकटे साठीचे, माकडटोपीवाले, खिशात टेस्टर. आम्ही त्यांना मागनं 'हॅलोकाका' म्हणायचो. ते नाव मीच पाडलेलं, सांगून टाकते. कंपनीची गाइडिंगची वायर होती हातभर, दुर्बीण जरा वळली की ताणायची, म्हणून काकांनी टेलिफोनची चपटी सहा तारांची वायर आणून, दोन्हीकडं जॅक बसवून, लांब केबल करून दिली. मंडळाच्या प्रत्येक वायरीला त्यांनी कापडी पट्टी चिकटवून नंबर घातलेला. ही सात नंबरची.

दुसरं त्यांनी आणलं ते फॉल्ट वही. दोरीनं टांगलेली, तिलाच पेन बांधलेलं. यंत्रात कुणी काहीही बदललं की तारीख, वेळ, आधी काय होतं, आता काय केलं, सगळं लिहायचं आणि खाली सही. काका म्हणायचे, एक्स्चेंजमध्ये एका मशीनला दहा माणसं हात लावतात, पुढच्या माणसाला आंधळं करून जायचं नाही. ऋषीदादाला ते इतकं आवडलं की त्यानं त्याचा नियमच केला. वहीत न लिहिता यंत्राला हात लावला तर मंडळातून बाहेर. आणि दिवाळीत खरंच दोन पोरांना काढलं त्यानं, दुर्बीण घरी नेऊन गुपचूप आणून ठेवली म्हणून. चांगली पोरं होती. पण काढलं.

त्या संध्याकाळी जीपमध्ये दुर्बिणीच्या खोक्यांबरोबर काकांची वळकटी होती. वळकटी, विजेची शेगडी, एक पितळी तपेली. कारण घुमटाच्या बरोबर खाली एक खोली होती आणि सरांना तिथं कायमचा माणूस पाहिजे होता, रोज रात्री घुमट उघडणारा, पोरांना दाखवणारा, यंत्र सांभाळणारा. काकांनी अर्ज केलेला. सर म्हणालेले, आज फोटो नीट आला की उद्यापासून राहा. येताना जीपमध्ये मी आणि काका मागं बसलेलो, तर मला म्हणाले, "काकू गेल्यापासून रात्रीचं घर नको वाटतं बघ. एवढी वर्षं जागलोय, आता झोप म्हटलं तर कुठली येती? इथं जागायचं काम तरी हाय." एवढंच. मग शिरढोणला चहा पाजला मला.

तर तारा हलत नव्हता.

ऋषीदादानं लॅपटॉप बंद-चालू केला. कॅमेरा काढून घातला. यूएसबीची जागा बदलली. मी परत परीक्षा घेतली, परत लाल अक्षरं. सर कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेले, दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत होते. काका म्हणाले, असं मधनंच कुठंही हात घालू नका, एका टोकानं जाऊ या. खिशातनं मीटर काढला, केबल दोन्हीकडनं सोडवली आणि एकेक तार बघत गेले. सहा तारा, सहा वेळा बीप वाजलं.

"केबल ठीक आहे," काका म्हणाले. "आता राहिलं माउंटच्या आतलं सेटिंग."

आणि सेटिंगचा बटणांवाला कंट्रोलर उचलायच्या आधी त्यांनी आल्या आल्या खिळ्याला टांगलेली वही उघडली. टॉर्चच्या लाल उजेडात बोट फिरवत शेवटच्या नोंदीवर आले आणि मोठ्यानं वाचलं, "गाइड रेट पन्नास. ही माझीच सही, तीन आठवड्यांमागची. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. म्हणजे आतलंपण ठीक आहे."

आणि वही मिटली.

पण तो पन्नास नव्हता.

गाइड रेट म्हणजे कॅमेऱ्यानं 'हल' म्हटल्यावर माउंटनं किती जोरात हलायचं, तो आकडा. आदल्या रविवारी ऋषीदादा पुण्याला गेलेला, मंडळाचं सामान असायचं त्या त्याच्या गॅरेजची किल्ली माझ्याकडं. मी माउंट माझ्या गच्चीवर नेला. एकटीनं. रिक्षात घालून. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं की आकडा कमी केला की माउंट अलगद हलतो, फोटो आणखी रेखीव येतो. मी कमी करत करत पाचवर आणला, मग ढग आले, मग सोमवारी माझी प्रॅक्टिकल होती. परत नेऊन ठेवला. वहीत लिहिलं नाही, लिहिलं असतं तर नेलेला कळलं असतं. आणि मग विसरले, अगदी खरं सांगते, काकांनी पन्नास म्हणेपर्यंत विसरलेले. पाचवर माउंट इतका कमी हलतो की सॉफ्टवेअरला वाटतं, वायरच जोडलेली नाही.

तेव्हा बोलायचं होतं. मला वाटतं मी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात ऋषीदादा म्हणाला, "काका, मीटरला बीप आलं म्हणजे केबल चालते असं नसतं. हा टेलिफोन नाही."

"तार ती तारच की रे," काका म्हणाले.

सरांनी खुर्चीतनं विचारलं, "म्हणजे ही वायर कंपनीची नव्हे?"

"नाही सर," ऋषीदादा म्हणाला. "काकांनी घरी केलीय. फोनच्या वायरीची."

"फोनची? मग कुणाला फोन लावताय म्हणायचं, मंगळावर?"

ऋषीदादा हसला. मीपण हसले. कशाला हसले मला माहीत नाही, सुटल्यासारखं झालं म्हणून असेल. काकापण हसले जरा, आणि सर हसायचे थांबले तरी काकांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढायचं कधी ते कळत नसल्यासारखं.

"जीपमध्ये मोठ्या खोक्यात कंपनीची असेल," ऋषीदादा म्हणाला. "घेऊन या, काका."

काका गेले. घुमटातून खाली जायला जमिनीत चौकोनी झडप आणि लोखंडी शिडी. त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला. ऋषीदादा लॅपटॉपकडं तोंड करून सरांना सांगत होता की पाच मिनिटांत होईल सर, पाठ माझ्याकडं. कंट्रोलर माउंटला लटकत होता. मी तो हातात घेतला. मेनू, गाइड रेट, ०५. पाच दाबलं, शून्य दाबलं, एंटर दाबलं. तीन बटणं. इतका लाल दिसतो तो डिस्प्ले अंधारात, हाताची नखंसुद्धा लाल दिसतात.

मान वर केली तर झडपेतनं काकांची माकडटोपी वर आलेली. काका शिडीवरच उभे होते, हातात कंपनीची केबल. किती वेळ उभे होते मला माहीत नाही. मी कंट्रोलर सोडला. ते वर आले. स्वतःच्या हातानं स्वतःची केबल काढली आणि कंपनीची लावली.

"घे," ऋषीदादा म्हणाला.

मी परीक्षा घेतली. तारा हलला. डावीकडं गेला, परत आला, वर गेला, परत आला, शहाण्या पोरासारखा. स्क्रीनवर हिरवं आलं. सरांनी टाळी वाजवली. ऋषीदादा म्हणाला, बघितलं? आणि वही ओढून, उभ्या उभ्या लिहिलं: 'केबल क्र. ७ सदोष. बदलली. चालू.'

काका त्यांची केबल पंजा आणि कोपरावर गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता थांबले.

"जरा माझी परत लावून बघू या का?" म्हणाले. "एकदाच. एक मिनिटाचं काम."

ऋषीदादा म्हणाला, आता कशालाच हात लावायचा नाही, सरांना तासभर बसवून ठेवलंय आपण. बरोबरच होतं त्याचं, त्याला काय माहीत होतं. मग काका माझ्याकडं वळले. लॅपटॉप माझ्यापुढं होता, मी म्हटलं असतं थांब दादा, बघू या, तर तो थांबला असता, माझं ऐकायचा तो.

"रसिका," काका म्हणाले, "लावून बघायची का एकदा?"

आणि मी म्हटलं, "कशाला काका. चालू झालंय तर."

बास. त्यांनी मान हलवली आणि केबल गुंडाळून पूर्ण केली.

फोटो फार सुंदर आला. तारे सुईच्या टोकासारखे. सर लॅपटॉपवर वाकून बघत बसले आणि काका शेजारी उभे असतानाच ऋषीदादाला म्हणाले की इतकं नाजूक यंत्र आहे, घरी केलेल्या वायरी लावणारा माणूस इथं एकटा ठेवायचा म्हणजे अवघड आहे. मग माझ्याकडं बोट करून, ही मुलगी काय करते? हिनेच चालू केलं नाही का आत्ता? ऋषीदादा म्हणाला, बीएस्सीला आहे सर, फिजिक्स, आमच्यातली सगळ्यांत हुशार. काका ते ऐकून न ऐकल्यासारखं शिडीवरनं खाली गेले. मी वरनं बघितलं. खोलीत दिवा लावून त्यांनी वळकटी बांधायला घेतली. म्हणजे ती त्यांनी आल्या आल्याच पसरून ठेवलेली, उशीसकट. शेगडीची वायर काढून तिला गुंडाळली. तपेली पुसली, काही शिजवलं नव्हतं तरी पुसली.

परत येताना ते मागं बसले, वळकटी मांडीवर. मी पुढं बसले. मिरजेत उतरले तेव्हा केबल खोक्यात ठेवून गेले. असू दे, म्हणाले, कधी लागली तर.

मंडळात नंतर आले नाहीत.

आणि हो, ते काम मला मिळालं. घेतलं मी. शनिवार-रविवार रात्री, पुढं सुट्टीत रोज, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, खाली ती खोली. मंडळाचं सगळं सामान, खोकी आणि वहीसकट, घुमटातच हललं. माझ्या अर्जात, मुलाखतीत, सगळीकडं हे काम लिहिलेलं उपयोगी पडलं, आज मी जिथं पोचलेय ती त्याच्याच जोरावर. कंपनीची केबल पहिल्याच महिन्यात ताणून तुटली. मी खोक्यातनं सात नंबरची काढली आणि लावली. चालणार हे मला माहीत होतं, चाललीच. पुढं दोन वर्षं त्या घुमटात एकही फोटो दुसऱ्या केबलनं निघाला नाही. वहीत मात्र ते लिहिलं नाही मी. काय लिहिणार, सदोष केबल लावली, चालू?

दोन वर्षांनी जूनमध्ये लोकांना शनी दाखवायचा कार्यक्रम होता. गच्चीपर्यंत रांग. एकेकानं शिडीनं वर यायचं, बघायचं, खाली जायचं. मी पाठ असल्यासारखी बोलत होते, या, डोळा इथं लावा, कडी दिसली का, धक्का लावू नका. आणि झडपेतनं माकडटोपी वर आली. जूनमध्ये.

"या," मी म्हटलं, आणि पुढचं पाठ केलेलं काही आठवेना.

काका बारीक झालेले. हसले. "बरी आहेस ना?" म्हणाले. मग शनीकडं जायच्या आधी त्यांची नजर माउंटवर गेली, तिथनं केबलवर. पट्टी मळलेली, पण सात दिसत होता. त्यांनी दोन बोटांत केबल धरली आणि एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत बोटं सरकवत नेली. जॅक जरा दाबून बघितला.

मी म्हटलं, "काका, कंपनीची तुटली."

"तुटणारच. आखूड होती." मग शांतपणे, रांगेतल्या माणसाला वेळ विचारावी तसं विचारलं, "त्या दिवशी रेट किती होता?"

खालून कुणाचं तरी बाळ रडत होतं. मी म्हटलं, "पाच."

"पाच का? मला शून्य वाटलेला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर येत होतो तर तुझ्या तोंडावर कंट्रोलरचा उजेड. केबल बदलायला कंट्रोलर कशाला लागतोय?" ते केबलकडंच बघत होते. "मी आधी वही बघितली ना. वहीत पन्नास म्हणून आत बघितलंच नाही. ती चूक माझी."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुला विचारलं की मी. लावून बघायची का म्हणून."

मी लटकणारा कंट्रोलर उगाच सरळ केला.

"तिथं नाही तर घरी गेल्यावर सांगशील म्हटलं," काका म्हणाले. "तुला काढलं असतं ऋषीनं, ते कळतंय मला. नुसतं मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. महिनाभर फोन उशाला घेऊन झोपायचो. झोपायचो म्हणजे, आपलं पडायचो."

मग त्यांनी वही उघडली. त्याच दोरीला, त्याच खिळ्याला होती. मागं जात जात जानेवारीचं ते पान काढलं आणि ऋषीदादाच्या ओळीवर बोट ठेवलं. 'केबल क्र. ७ सदोष.'

"हे तेवढं नीट कर," म्हणाले. "आधी काय होतं, काय केलं. पुढचा माणूस आंधळा राहतो."

शनी बघितला त्यांनी. वाकून, चष्मा काढून, नीट. छान आहे म्हणाले. आणि शिडी उतरून गेले, एकेक पायरी, कठड्याला धरून.

मी ते पान समोर धरून उभी राहिले. पेन घेतलं. ऋषीदादाच्या ओळीखाली जागा होती, दोन ओळी बसतील एवढी. मी तारीख घातली. 'गाइड रेट' लिहिलं.

झडपेतनं एक बाई वर आल्या, कडेवर मूल. "मॅडम, शनी इथनंच दिसतो का?"

"हो, या," मी म्हटलं, आणि वही मिटली. पेन तसंच आत राहिलं.